आजी-आजोबांसोबत विमानतळावर जाताय? डिजियात्रा, व्हीलचेअर आणि फास्ट ट्रॅक: नेमकी कोणती रांग कमी होते?

आधी माझी चूक सांगते, म्हणजे हा लेख कशासाठी लिहिला ते कळेल.

मागच्या वर्षी आजीला घेऊन दिल्लीला मावशीकडे निघाले होते. आजी ७८ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. माझ्या फोनमध्ये डिजियात्रा ॲप होतं, तिच्या फोनमध्ये नव्हतं. टर्मिनलच्या दारात मी सवयीने डिजियात्राच्या गेटकडे वळले. बोर्डिंग पास स्कॅन केला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, गेट उघडलं आणि मी आत. वळून बघते तर आजी काचेच्या पलीकडे एकटी उभी. तिचं आधार कार्ड आणि तिकिटाची प्रिंट माझ्याच सॅकमध्ये!

दारावरच्या जवानाला विनंती करून कागद बाहेर दिले. साध्या रांगेतून आत यायला तिला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ बसायला काही नव्हतं. आत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझं यंत्र भराभर चालतं गं, मला नाही तेवढं चालता येत."

त्यानंतर ज्येष्ठांसाठी विमानतळावर ज्या काही ‘लवकर’ सोयी आहेत, त्या एकेक करून समजून घेतल्या. त्यातून कळलं ते असं: प्रत्येक सोय फक्त एकाच टप्प्यावरची रांग कमी करते, आणि ज्याच्या नावावर ती आहे त्या एकाच माणसाची. घरातल्या ज्येष्ठांसाठी कोणती सोय कामाची, हे ठरवायचं असेल तर आधी टप्पे समजायला हवेत.

विमानतळावर किती वेळा थांबावं लागतं?

देशांतर्गत प्रवासात साधारण चार ठिकाणं:

१. टर्मिनलचं प्रवेशद्वार: तिकीट आणि ओळखपत्र बघतात.
२. चेक-इन काउंटर: मोठी बॅग द्यायची.
३. सुरक्षा तपासणी: हातातलं सामान एक्स-रे मशीनमधून, आणि माणसाची अंगझडती.
४. बोर्डिंग गेट: पास दाखवून विमानात.

परदेशी जाताना यात इमिग्रेशनची भर पडते. तिथे पासपोर्ट आणि व्हिसा तपासतात.

आता कोणती सोय कुठे लागू पडते ते बघा. डिजियात्रा ओळख पटवण्याचं काम झटपट करते, म्हणजे प्रवेशद्वार, सुरक्षा तपासणीच्या भागात शिरायचं दार आणि काही ठिकाणी बोर्डिंग गेट. एफटीआय-टीटीपी ही सरकारी योजना फक्त इमिग्रेशनसाठी. व्हीलचेअर मदत मात्र सगळ्या टप्प्यांवर सोबत असते. आणि अंगझडती? ती यातल्या कुठल्याच सोयीने टळत नाही. सीआयएसएफचे जवान प्रत्येक प्रवाशाची तपासणी करतात, मग तो १८ वर्षांचा असो वा ८१ चा.

डिजियात्रा: आजीच्या फोनवर कसं सुरू करायचं?

डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसी इथे सुरू झालं. २०२३ मध्ये पुणे आणि मुंबई आलं, सप्टेंबर २०२४ मध्ये गोव्याचं दाबोळी. चेहरा हाच तुमचा ओळखीचा पुरावा, अशी ही कल्पना. ती देशांतर्गत प्रवासासाठी आहे. चालवते डिजियात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि काही मोठे विमानतळ भागीदार आहेत.

ॲप ज्याच्या त्याच्या फोनवर हवं. तुमच्या फोनमधलं डिजियात्रा तुमच्या चेहऱ्यासाठी आहे, आजीच्या नाही. म्हणून तिच्या फोनवर वेगळं सुरू करावं लागतं:

• प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून डिजियात्रा ॲप घ्या. खाली डिजियात्रा फाउंडेशनचंच नाव आहे ना, ते बघा.
• मोबाइल नंबर टाकून ओटीपीने नोंदणी करा.
• डिजिलॉकरमार्फत आधारची माहिती जोडा.
• सेल्फी काढा. हा फोटो आधारवरच्या फोटोशी जुळवला जातो.
• प्रवासाच्या आधी वेब चेक-इन करून बोर्डिंग पास घ्या, तो ॲपमध्ये जोडा आणि निघायच्या विमानतळाला शेअर करा.

वाचायला सोपं वाटतं, पण ज्येष्ठांच्या बाबतीत गाडी नेमकी तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण ओटीपीची. आजीचं आधार काढलं तेव्हा तिच्याकडे मोबाइलच नव्हता, म्हणून नंबर दिलेला काकांचा. काका नाशिकला. आम्ही इकडे ओटीपी मागवायचा, काका बाजारात, आणि त्यांनी फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. असं तीनदा झालं. शेवटी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घेतला. हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी होत नाही, दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

दुसरी अडचण चेहऱ्याची. आधारवरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल, मधल्या काळात वजन उतरलं असेल, चष्मा लागला असेल, तर सेल्फी जुळायला त्रास होऊ शकतो. खिडकीसमोर, चेहऱ्यावर सरळ उजेड पडेल असं बसवून, चष्मा काढून पुन्हा प्रयत्न करा. तरीही जुळत नसेल तर आधारचा फोटो अद्ययावत करून घेणं बरं. त्याचा पुढे इतर कामांतही उपयोग होतो.

तिसरी अडचण नावाची, आणि ही आपल्याकडे हमखास येते. आधारवर नाव तीन शब्दांत: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तिकीट काढताना आपण घाईत मधलं नाव गाळतो, किंवा घरात हाक मारतो तेच नाव टाकतो. डिजियात्रासाठी बोर्डिंग पासवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. म्हणून तिकीट काढतानाच आधार समोर ठेवा आणि त्यातलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवा.

माहितीचं काय होतं? आणि निर्णय कोणाचा?

डिजियात्राच्या म्हणण्यानुसार तुमची ओळखीची माहिती तुमच्याच फोनमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवलेली असते. प्रवासाच्या वेळी ती विमानतळाला जाते आणि विमान सुटल्यावर २४ तासांच्या आत तिथून पुसली जाते.

ही सोय ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवा. डिजियात्रा नसेल तर आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र असं कुठलंही चालणारं ओळखपत्र दाखवून नेहमीच्या दारातून जाता येतं. दाराशी कोणी आजोबांना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला सांगितलं, तर "हे डिजियात्रासाठी आहे का?" असं विचारायचं. नको असेल तर नको म्हणायचं. त्यामुळे प्रवास अडत नाही.

आपण नातवंडं इथे एक गडबड करतो. आजीचा फोन हातात घेतो, चार बटणं दाबतो, ‘सहमत आहे’ वर टिचकी मारतो आणि फोन परत देतो. चेहरा तिचा, आधार तिचं, आणि सहमती मात्र आपली! मी दुसऱ्या वेळी आजीला आधी सांगितलं की तुझा फोटो आणि आधारची माहिती विमानतळाला जाईल, नंतर पुसतात, चालेल का? तिने दोन प्रश्न विचारले. "यात पैशाचं काही आहे का?" आणि "नाही केलं तर विमानात घेणार नाहीत का?" दोन्हींचं उत्तर ‘नाही’ होतं. मग ती हो म्हणाली. पाच मिनिटं लागली, पण गेटवर काय होणार आहे हे तिला माहीत होतं, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर ती गोंधळली नाही.

व्हीलचेअर: खरी मदत इथे आहे

ज्येष्ठांचा वेळ आणि दम दोन्ही वाचवणारी सोय कुठली, असं मला कोणी विचारलं तर मी व्हीलचेअर सांगेन. ॲप रांगेतली मिनिटं कमी करतं, पण मोठ्या टर्मिनलमध्ये चालायचं अंतर तेवढंच राहतं. गुडघे, धाप, मधुमेह यातलं काही असेल तर खरा त्रास त्या अंतराचा असतो.

हे किती गंभीर होऊ शकतं याचं एक उदाहरण. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एका ८० वर्षांच्या प्रवाशाने पत्नीसह व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. विमानातून उतरल्यावर एकच खुर्ची मिळाली. पत्नीला तिच्यात बसवून ते स्वतः चालत निघाले, इमिग्रेशनच्या भागात कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. नंतर डीजीसीएने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला.

यातून आपण काय शिकायचं? दोघांनाही गरज असेल तर दोघांच्या नावावर वेगळी नोंद करायची. दुसरी खुर्ची यायला वेळ लागला तरी थांबायचं, पण चालायला लागायचं नाही. हे घरून निघतानाच त्यांना बजावून सांगा. कारण आपली आजोबा मंडळी "एवढं काय, चालतो की" म्हणण्यात पटाईत असतात.

नोंद विमान कंपनीकडे करायची असते, विमानतळाकडे नाही. तिकीट काढताना ‘विशेष मदत’ असा पर्याय दिसतो, तिथेच निवडा. राहून गेलं तर प्रवासाच्या किमान ४८ तास आधी कंपनीच्या ॲपमधून किंवा फोन करून सांगा. तिथे तीन सांकेतिक नावं दिसतील:

• डब्ल्यूसीएचआर: पायऱ्या चढता येतात, विमानात चालता येतं, फक्त लांबचं अंतर झेपत नाही.
• डब्ल्यूसीएचएस: पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत, पण विमानात सीटपर्यंत चालता येतं.
• डब्ल्यूसीएचसी: अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत मदत लागते.

हे नीट निवडा. पायऱ्या न जमणाऱ्या आजोबांसाठी चुकून पहिला पर्याय निवडला, आणि विमान शिडी लावून उभं असलं, तर ऐनवेळी पंचाईत होते.

आजीने सुरुवातीला व्हीलचेअरला साफ नकार दिला होता. "मी काय पांगळी आहे? लोक काय म्हणतील?" मी तिला हा पहिला पर्याय वाचून दाखवला. चालता येतं, पण लांब चालायचं नाही, यासाठीच ही खुर्ची आहे म्हटल्यावर तिला पटलं. तुमच्याकडेही असाच नकार आला तर हे सांगून बघा.

आणखी एक. खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसं मोजकीच असतात. धडधाकट माणसाने केवळ रांग चुकवण्यासाठी खुर्ची घेतली, तर खरी गरज असलेला कोणी तरी खोळंबतो. बाबा रोज सकाळी पाच किलोमीटर चालत असतील तर त्यांना चालू द्या.

सुरक्षा तपासणी: इथे वेळ कसा वाचवायचा?

या टप्प्यावर कुठलंही ॲप कामाचं नाही. तयारी घरीच करायची.

पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड हातात ठेवा आणि मेटल डिटेक्टरकडे जाण्याआधीच जवानाला सांगा. कमानीतून नेहमीच्या चालीने पुढे जायचं, रेंगाळायचं नाही. हातातला डिटेक्टर पेसमेकरच्या जागेवर धरू नका, हाताने तपासा, असं सांगायचं.

गुडघ्यात किंवा खुब्यात धातूचा सांधा बसवलेला असेल तर डिटेक्टर वाजणारच. घाबरायचं कारण नाही. कुठे ऑपरेशन झालंय ते आधीच सांगायचं. डॉक्टरांचं पत्र असेल तर समजावणं सोपं जातं, पण पत्र आहे म्हणून तपासणी माफ होत नाही. बायकांची तपासणी महिला जवान आडोशाच्या केबिनमध्ये करतात. जास्त तपासणी करायची वेळ आली तर सगळ्यांसमोर नको, बाजूला करा, अशी विनंती करता येते.

काठी आणि वॉकर एक्स-रे मशीनमधून जातात. तेवढ्या वेळात आधार लागणार असेल तर सांगा. खुर्चीत बसलेल्या माणसाची तपासणी बसल्या जागी होऊ शकते.

औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका, सामानाच्या कप्प्यातल्या थंडीने ते गोठून निकामी होऊ शकतं. पॉवर बँक मात्र उलट: ती फक्त हातातल्या सामानातच चालते, मोठ्या बॅगेत नाही. तपासणीच्या वेळी फोन, पॉवर बँक, टॅब ट्रेमध्ये काढून ठेवा. आजीचा फोन तुमच्या ट्रेमध्ये टाकू नका, नाहीतर पलीकडे गेल्यावर तिची शोधाशोध सुरू होते.

आणि बटवा! आजीच्या बटव्यात काय काय असतं ते तुम्हाला माहीत नसतं. आमच्याकडे त्यात अडकित्ता निघाला. चाळीस वर्षांचा, पितळी. धारदार वस्तू म्हणून तो आत नेता येईना आणि मोठी बॅग तर आधीच देऊन झालेली. तो तिथेच सोडावा लागला. दिल्लीला पोहोचेपर्यंत आजी त्याविषयी एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हा आदल्या रात्री तिच्यासोबत बसून बटवा, पर्स, शबनम सगळं रिकामं करून बघा. अडकित्ता, कात्री, सुरी मोठ्या बॅगेत. काडेपेटी घरी. लोणचं, तूप, तेलाच्या बाटल्याही नीट बांधून मोठ्या बॅगेतच टाका.

परदेशी जाताना: एफटीआय-टीटीपी

आई-बाबा वर्षातून एकदा दुबईला किंवा सिंगापूरला बहिणीकडे जात असतील तर ही योजना बघण्यासारखी आहे. पूर्ण नाव ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’. २२ जून २०२४ ला दिल्लीत सुरू झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांच्यासाठी आहे आणि मोफत आहे.

अर्ज गृह मंत्रालयाच्या एफटीआय-टीटीपी पोर्टलवर करायचा. पडताळणी झाली की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायला ठरलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष जावं लागतं. त्यानंतर इमिग्रेशनला अधिकाऱ्याच्या रांगेऐवजी ई-गेट वापरता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते, किंवा पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. ज्येष्ठांसाठी अर्ज भरताना पोर्टलवरच्या वयाच्या अटी आधी वाचा.

ई-गेट माणसाला एकेक करून आत घेतं. आईची नोंदणी आहे आणि बाबांची नाही, तर दोघांची ताटातूट होते. जोडीने जाणाऱ्यांनी जोडीनेच अर्ज करावा. शिवाय वयामुळे बोटांच्या रेषा पुसट झाल्या असतील तर ठसे उमटायला वेळ लागतो. हात स्वच्छ, किंचित ओलसर ठेवून जा.

अमेरिकेत आई-बाबा एकटे फिरत असतील तर

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी कॅलिफोर्नियात, आणि आई-बाबा मध्ये देशांतर्गत विमानाने एकटे. हे चित्र मराठी घरांत आता नवं नाही. तिथली सुरक्षा तपासणी टीएसए ही सरकारी यंत्रणा करते आणि नियम आपल्यापेक्षा वेगळे आहेत.

७५ वर्षं आणि पुढे: आपल्याकडे साठीला ज्येष्ठ नागरिक, टीएसएकडे ७५ ला. या वयाच्या प्रवाशांना तपासणीत पातळ जॅकेट आणि बूट काढावे लागत नाहीत. मार्च २०१२ मध्ये शिकागो, डेन्व्हर, ऑर्लँडो आणि पोर्टलंड इथे याची चाचणी झाली आणि नंतर ती देशभर आली. अर्ज, फी, कार्ड काहीही लागत नाही. जुलै २०२५ पासून बूट काढायचा नियम तिथे सगळ्यांसाठीच उठला आहे. लक्षात ठेवा, ही तपासणीतली सूट आहे, त्यासाठी वेगळी रांग मिळत नाही.

टीएसए प्रीचेक: इथे वेगळी रांग असते, लॅपटॉप आणि द्रव पदार्थांची पिशवी बॅगेतून काढावी लागत नाही. पण ही योजना अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना थेट मिळत नाही. दादाकडे प्रीचेक आहे म्हणून सोबतच्या आईला त्या रांगेत जाता येईल, असंही नाही. १२ वर्षांपर्यंतची मुलं पालकांसोबत जाऊ शकतात, आई-वडिलांसाठी तशी सवलत नाही. प्रत्येकाचा स्वतःचा नंबर हवा आणि तो तिकिटात नोंदलेला हवा.

ग्लोबल एन्ट्री: यासाठी २०१७ पासून भारतीय नागरिकही अर्ज करू शकतात, आणि यात प्रीचेकचा लाभ येतो. फी १२० डॉलर, मुदत पाच वर्षं, प्रत्यक्ष मुलाखत आणि भारतातही पडताळणी. अर्ज नाकारला तर फी परत मिळत नाही. दरवर्षी जाणाऱ्यांनी विचार करावा. आयुष्यात एकदा नातवाच्या बारशाला जाणाऱ्यांनी या फंदात पडू नये.

टीएसए केअर्स: माझ्या मते आई-बाबांसाठी सगळ्यात उपयोगी हीच सोय आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. प्रवासाच्या ७२ तास आधी ८५५-७८७-२२२७ या नंबरवर फोन करून आजार, पेसमेकर, व्हीलचेअर, ऐकू कमी येणं असं काही असेल तर सांगायचं. तपासणीच्या ठिकाणी मदतीची व्यवस्था करता येते. इंग्रजी बोलायला आई-बाबा बिचकत असतील तर हा फोन दादाने किंवा ताईने करावा.

द्रव पदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादा तिथे काटेकोर पाळतात. औषधांना त्यातून सूट आहे, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात.

फसवणूक ओळखा

‘ज्येष्ठांसाठी विमानतळावर खास पास’, ‘डिजियात्रा केवायसी अपूर्ण, लिंक दाबा’ असे मेसेज आले तर सरळ डिलीट करा. डिजियात्रा आणि एफटीआय-टीटीपी दोन्हींसाठी पैसे लागत नाहीत. कोणी मागत असेल तर तो ठग. प्रीचेक आणि ग्लोबल एन्ट्रीच्या नावाने दिसायला हुबेहूब अशा बनावट साइट्स असतात. ग्लोबल एन्ट्रीच्या अर्जाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही’ असायलाच हवं. आणि आधारचा ओटीपी फक्त तुम्ही स्वतः मागवलेला असेल तेव्हाच, आणि तोही घरच्याच माणसाला सांगायचा. हे आजी-आजोबांना एकदा सांगून भागत नाही, दोन-चारदा सांगा.

कधी काय करायचं?

तीन आठवडे आधी: आधारचा मोबाइल नंबर तपासा, तिकिटावरचं नाव आधारप्रमाणे घ्या, व्हीलचेअरची नोंद तिकिटासोबतच करा.

७२ ते ४८ तास आधी: व्हीलचेअरची नोंद झाली आहे ना, ते कंपनीला विचारा. अमेरिकेत असाल तर टीएसए केअर्सला फोन.

आदल्या दिवशी: वेब चेक-इन, डिजियात्रामध्ये पास, औषधांची पिशवी, बटव्याची झडती. बोर्डिंग पासची कागदी प्रिंट आणि मूळ ओळखपत्र त्यांच्याच हातात राहील असं ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी अडायला नको.

विमानतळावर: आधी त्यांना पुढे जाऊ द्या, मग तुम्ही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आजोबांकडे साधा बटणांचा फोन आहे. डिजियात्रा चालेल का?*
नाही. त्यांना ओळखपत्र आणि तिकिटाची प्रिंट देऊन नेहमीच्या दारातून न्या, आणि तुम्हीही त्याच रांगेत उभे राहा.

*व्हीलचेअर घेतली तर डिजियात्रा लागतं का?*
लागत नाही. मदतनीस सोबत असतो आणि कागदपत्रं हाताने तपासली जातात. दोन्हींपैकी एकच करायला वेळ असेल तर व्हीलचेअरची नोंद करा.

*ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असते का?*
काही ठिकाणी तशी पाटी असते. दिसली नाही तरी जवानाला किंवा कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारा. विचारल्यावर वाट करून देणारे पुष्कळ भेटतात.

*मी ज्येष्ठांसोबत आहे, मलाही पुढे सोडतील का?*
व्हीलचेअरसोबत एका नातेवाइकाला बहुतेक वेळा जाऊ देतात. सगळं कुटुंब मागे लागलं तर मात्र अडवतील.

परतीच्या प्रवासात आजीच्या फोनमध्ये डिजियात्रा होतं आणि व्हीलचेअरही सांगून ठेवली होती. खुर्ची यायला दहा मिनिटं लागली. आम्ही बाकावर बसून राहिलो, चहा घेतला. दारात मदतनीसाने ओळखपत्र दाखवून तिला आत नेलं, म्हणजे ॲप उघडायची वेळच आली नाही. मी मागून साध्या रांगेतून गेले. या वेळी काचेच्या पलीकडे मी होते आणि आत आजी खुर्चीत बसून माझी वाट बघत होती.